भांडा खुशाल, पण आधी घरातल्या कामाचे तास मोजा : डाव्या, उजव्या आणि मधल्या सगळ्यांना एक खुलं पत्र

सर्व पक्षांचे नेते, धोरणं आखणारे अधिकारी, अर्थतज्ज्ञ आणि कुटुंब या विषयावर रोज हिरिरीने भांडणाऱ्या डाव्या-उजव्या मित्रमैत्रिणींनो,

नमस्कार. पत्र लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

एक बाजू म्हणते कुटुंबव्यवस्था मोडकळीला आलीये, ती वाचवा. दुसरी म्हणते शोषणाची सुरुवातच कुटुंबात होते, त्यातून माणसाला सोडवा. तिसरी म्हणते ज्याला जसं जगायचं तसं जगू दे, बाकीचं बाजार बघून घेईल. मी तिन्ही बाजूंचं मनापासून वाचत आलेय आणि तिघांनाही काहीतरी खरं दिसलेलं आहे हे मला मान्य आहे. पण तुमच्या इतक्या वर्षांच्या भांडणात एक साधा प्रश्न कुणी धसास लावल्याचं मला दिसलं नाही, की घर चालवायचं, मुलं वाढवायची, म्हाताऱ्या-आजारी माणसांचं करायचं हे सगळं मिळून दिवसाचे किती तास होतात आणि ते तास नक्की कुणाचे जाणार आहेत? तुम्ही मूल्यांवर बोलता, विचारसरणीवर बोलता, आणि तासांचा विषय आला की "ते ज्याचं त्याने घरात ठरवावं" असं म्हणून पुढे जाता. माझं सगळं म्हणणं त्या तासांपुरतंच आहे.

जवळून बघूया. पक्षाघात झालेला म्हातारा माणूस, स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्याला साधारण दर दोन तासांनी कुणीतरी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथली कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि एकदा जखम झाली की ती भरायला महिने जातात. वळवणं म्हणजे नुसतं ढकलणं नाही. अंगाखाली घातलेली आडवी चादर दोन्ही हातांनी धरून माणूस अलगद उचलायचा, घसटू द्यायचा नाही, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, पाठीला टेकू म्हणून दुसरी उशी, टाचा गादीला टेकणार नाहीत अशा बेताने पोटरीखाली घडी, मग डायपर ओला आहे का बघायचं, असला तर बदलायचा, पुसून अगदी कोरडं करायचं आणि शेवटी चादरीला कुठे चुणी राहिली नाही ना हे हात फिरवून बघायचं, कारण एका चुणीनेही कातडी जाते. रात्री बाराला, दोनला, चारला, सहाला. आणि सकाळी त्याच घरातल्या त्या बाईला कुणी विचारलं तुम्ही काय करता, तर ती म्हणते काही नाही, घरीच असते.

हेच काम हॉस्पिटलमध्ये झालं असतं तर तीन पाळ्यांत माणसं लागली असती, त्यांना पगार असता, साप्ताहिक सुट्टी असती, पेन्शन असती आणि त्यांचं काम देशाच्या जीडीपीत, म्हणजे एकूण उत्पादनाच्या आकड्यात, धरलं गेलं असतं. घरात झालं म्हणून शून्य.

हे शून्य आपोआप आलेलं नाही, ते ठरवून ठेवलेलं आहे. १९३४ साली अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब संसदेपुढे ठेवला तेव्हा घरातल्या बायकांच्या कामाची किंमत यात धरलेली नाही हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं होतं, आणि देशाचं भलं चाललंय की नाही हे अशा आकड्यावरून सहसा कळत नाही हेही त्याच अहवालात बजावलं होतं. आकडा सगळ्यांनी उचलला, सूचना मागे राहिली. त्याच्याही आधी आर्थर पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की एखाद्या माणसाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न घटतं, काम तेच, माणूस तोच, फक्त पगार थांबला. आजही राष्ट्रांच्या हिशोबाचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यात स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्याने जणू स्वतःलाच भाडं दिलं असं समजून ते मानीव भाडं जीडीपीत मिळवतात. म्हणजे भिंतींची सेवा हिशोबात येते आणि त्याच भिंतींच्या आत रात्रभर जागून केलेली माणसाची सेवा येत नाही! अर्थतज्ज्ञांचं उत्तर मला माहीत आहे, की या कामाला बाजारभाव नाही, अंदाज ढोबळ होतील, बेरोजगारीच्या आकड्यांचा अर्थच बदलेल. ठीक आहे, पण भाड्याचाही अंदाजच करता ना? तिथे जमतं तर इथे निदान तास तरी मोजा, पैशात नाही लावलीत किंमत तरी चालेल.

ज्यांनी तास मोजलेत त्यांना काय दिसलं ते बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये ६४ देशांच्या वेळेच्या पाहण्या (कोण दिवसाचे किती तास कशात घालवतं याची मोजणी) एकत्र करून सांगितलं की जगात रोज १,६४० कोटी तास बिनपगारी काळजीचं काम होतं आणि त्यातलं ७६.२ टक्के बायका करतात. कामाच्या वयातल्या ६० कोटींहून जास्त बायका केवळ या कामामुळे रोजगाराच्या बाहेर आहेत, पुरुषांचा तोच आकडा सव्वाचार कोटीही नाही. एवढी मोठी गोष्ट आणि आपण ती "घरगुती बाब" या सदरात टाकून मोकळे होतो.

आता उजव्या बाजूच्या लोकांशी थोडं सविस्तर बोलते, कारण कुटुंब कुटुंब तुम्हीच जास्त म्हणता.

कुटुंब हा समाजाचा पाया आहे असं तुम्ही म्हणता तेव्हा मला ते पटतं, खरंच पटतं. माणसाला फक्त कामगार आणि ग्राहक समजणाऱ्या जगात, कुठलाही फायदा नसताना माणसं एकमेकांसाठी जिथे जागतात ती जागा जपली पाहिजे यात वादच नाही. पण पाया जपायचा तर त्याला वेळ लागतो, आणि वेळ खाणाऱ्या व्यवस्थेला तुम्ही हात लावत नाही. एके काळी तुमच्या विचारात हे होतं हो. १९०७ साली ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी निकाल दिला की अकुशल मजुराची मजुरी इतकी हवी की तो, त्याची बायको आणि तीन मुलं काटकसरीने पण नीट जगू शकतील. एका पगारात घर चालावं ही ती कल्पना. तिच्यात मोठी खोट होती, बाई म्हणजे कुणाची तरी बायकोच असणार असं धरल्यामुळे पुढे १९१९ मध्ये तिथे बायकांची मूळ मजुरी पुरुषांच्या ५४ टक्के ठरली आणि एकटीने घर चालवणाऱ्या बाईचं काय हा प्रश्न वाऱ्यावर राहिला. तरीही त्या हिशोबात एवढं कबूल केलेलं होतं की एका माणसाच्या आठ तासांच्या नोकरीमागे घरात दुसऱ्या माणसाचे तेवढेच, बहुधा जास्तच, तास उभे असतात. आज बहुतेक घरांना दोन पगारांशिवाय भागत नाही. बाहेरचे तास दुप्पट झाले, घरातले कमी झाले नाहीत, आणि तरी तुम्ही विचारता की तरुण जोडपी मुलं का होऊ देत नाहीत.

दक्षिण कोरियात २०२३ मध्ये जन्मदर दर बाईमागे ०.७२ मुलांवर आला, जगात सगळ्यात कमी. त्याच वर्षी तिथल्या सरकारने आठवड्याची कमाल कामाची मर्यादा ५२ तासांवरून ६९ पर्यंत नेता यावी असा प्रस्ताव आणला! तरुण नोकरदारांनी इतका विरोध केला की माघार घ्यावी लागली, पण लोकसंख्येची चिंता आणि ६९ तासांचा आठवडा एकाच सरकारच्या डोक्यात एकाच वेळी मावू शकतात हे मला भयंकर वाटतं. हंगेरीने वेगळा रस्ता धरला, चार मुलं असलेल्या आईला २०२० पासून आयुष्यभर उत्पन्नकर माफ, घरासाठी कर्ज, काय काय. जन्मदर काही वर्षं वाढून १.६ च्या आसपास गेला आणि २०२४ पर्यंत परत १.४ च्या जवळ खाली आला. पैसा घेतला लोकांनी, पण मुलाला रोज लागणारे तास करमाफीतून येत नाहीत. आणि जबरदस्तीचा रस्ता तर बोलायलाच नको, रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, एका वर्षात जन्म जवळपास दुप्पट झाले, थोड्याच वर्षांत परत घसरले, आणि मागे राहिल्या चोरून केलेल्या गर्भपातांत मेलेल्या बाया आणि अनाथालयांत टाकलेली मुलं. (गंमत म्हणजे नाही, दुःखाची गोष्ट म्हणजे, ते सरकार स्वतःला डावं म्हणवत होतं. बाईचा वेळ आणि बाईचं शरीर गृहीत धरण्यात डावं-उजवं असं काही नसतं.)

तर डाव्या मित्रांनो, आता तुमच्याकडे वळते.

घरकामाचा प्रश्न राजकीय आहे हे आधी तुम्ही सांगितलंत, त्याचं श्रेय तुमचंच. रशियन क्रांतीनंतर तिथल्या क्रांतिकारक नेत्या अलेक्झांड्रा कोलोन्ताय यांनी सार्वजनिक स्वयंपाकघरं, पाळणाघरं, धुलाईघरं यांचं स्वप्न मांडलं तेव्हा घरातलं काम समाजाने वाटून घ्यावं हा विचार पहिल्यांदा सरकारी धोरणात आला. पण झालं काय? बाया कारखान्यात गेल्या आणि घरी येऊन परत तेच. पूर्व जर्मनीत १९५२ पासून नोकरी करणाऱ्या संसारी बायकांना महिन्यातून एक दिवस घरकामासाठी भरपगारी सुट्टी मिळायची. हेतू चांगलाच होता, पण बघा ना, समता आणायला निघालेल्या राज्याने कायद्यातच लिहून टाकलं की कपडे धुणार ती बाईच, आणि काही थोड्या पुरुषांना, म्हणजे एकट्याने मुलं वाढवणारे बाप किंवा बायको आजारी असलेले वगैरे, ही सुट्टी मिळायला १९७७ उजाडलं.

आणि तुमची दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. काळजीचं काम म्हणजे नुसती बेडी, त्यातून सुटून पगारी नोकरी धरली की माणूस मुक्त झाला, असा एक सूर तुमच्या लिखाणात सतत असतो. ज्या लोकांना आपल्या तान्ह्या मुलाजवळ थांबायचंय, आईच्या शेवटच्या महिन्यांत तिच्याजवळ बसायचंय, त्यांना तुम्ही मागासलेले समजता. ते मागासलेले नाहीत. त्यांना तो वेळ हवाय, आणि तो घेतल्याबद्दल आयुष्यभर दंड भरायची त्यांची तयारी नाही, एवढंच. पगारी नोकरी ही मुक्ती असेलही, पण जिला दोन्हीकडे पूर्ण वेळ उभं राहावं लागतं तिची मुक्ती झाली नाही, तिची पाळी डबल झाली.

बाजारवाल्यांशी थोडक्यात बोलते. तुम्ही म्हणता माणूस ठेवा, पैसे द्या, सेवा विकत घ्या. काही प्रमाणात ते होतंच आणि व्हायलाही हवं. पण विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात दाखवलेली अडचण तशीच आहे, कारखान्यात यंत्राने दर तासाचं उत्पादन वाढत जातं, पण माणसाला वळवायला, भरवायला, समजवायला जेवढा वेळ लागायचा तेवढाच लागतो, म्हणून बाकीच्या वस्तूंच्या मानाने काळजी महाग होत जाणारच. मग ती स्वस्त ठेवायची तर एकच मार्ग उरतो, करणाऱ्याला कमी पगार द्यायचा. म्हणून फिलिपिन्ससारख्या देशांतली आई आपली मुलं आजीकडे ठेवून दुसऱ्या देशात दुसऱ्याची मुलं सांभाळते, आणि त्या आजीचे तास परत कुणाच्याच हिशोबात नसतात. काम नाहीसं होत नाही, ते फक्त ज्याच्याकडे नाही म्हणायची ताकद सगळ्यात कमी त्याच्याकडे सरकत जातं.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामातली एक गोष्ट मला प्रत्येक एचआरवाल्याच्या टेबलावर ठेवावीशी वाटते. त्यांचं म्हणणं असं की आजच्या मोठ्या पगाराच्या नोकऱ्या हावऱ्या आहेत, कधीही फोन उचला, रविवारी या, उद्या विमानात बसा, आणि असं करणाऱ्याला दुप्पट तासांना दुपटीहून जास्त पैसा मिळतो. मग सारखंच शिकलेलं जोडपं असलं तरी मूल झालं की एक जण हावरी नोकरी धरतो आणि दुसरी अशी नोकरी बघते की शाळेतून "ताप आलाय, घेऊन जा" असा फोन आला तर निघता येईल. शाळेच्या फॉर्मवर संपर्कासाठी पहिला नंबर कुणाचा लिहिलाय एवढं बघितलं तरी पुढच्या वीस वर्षांत कुणाचा पगार कुठे जाणार ते कळतं. यात कुणी दुष्ट नाही, त्या दोघांनी घरापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतला, पण असे लाखो शहाणे निर्णय मिळून म्हातारपणी बाईच्या हातात कमी पेन्शन येते आणि बापाला मुलाचं बालपण दिसतच नाही. बापांचं हे नुकसान कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

१९७५ मध्ये २४ ऑक्टोबरला आइसलंडमधल्या जवळपास ९० टक्के बायकांनी एक दिवस घरचं आणि बाहेरचं सगळं काम थांबवलं होतं. शाळा, टेलिफोन, दुकानं, मासळीचे कारखाने ठप्प, बाप मुलांना घेऊन ऑफिसात. पुढच्याच वर्षी तिथे समानतेचा कायदा झाला. एका दिवसात देशाला जे कळलं ते कळण्यासाठी दर वेळी संप करावा लागू नये असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

माझं मागणं काय ते सरळ सांगते. कुटुंबाविषयी कुठलंही धोरण, जाहीरनामा, कायदा आणाल तेव्हा त्यात किती खर्च येणार हे लिहिता तसंच यातून घरातले किती तास वाढणार किंवा कमी होणार आणि ते कुणाचे, हे लिहा. हॉस्पिटलने पेशंटला दोन दिवस आधी घरी सोडायचं ठरवलं की सरकारी पैसा वाचतो, पण ते दोन दिवस कुणाच्या तरी घरात कुणीतरी काम सोडून बसतं, तो बचतीचा आकडा खोटा आहे. त्यासाठी वेळेच्या पाहण्या नियमित करा, दहा-वीस वर्षांतून एकदा आठवण आली म्हणून नको.

काळजीत घालवलेली वर्षं पेन्शनमध्ये धरा. हे काही स्वप्नरंजन नाही, जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे तीन वर्षं पालकाच्या पेन्शनखात्यात धरली जातात, आणि घरात आजाऱ्याचं ठरावीक तासांहून जास्त करणाऱ्याचा पेन्शनचा हप्ता तिथला काळजी-विमा भरतो. उजव्यांना हे पटायला हवं कारण यात कुटुंबाचा मान आहे, डाव्यांना पटायला हवं कारण यात श्रमाचा मोबदला आहे.

बापासाठी वेगळी रजा ठेवा, जी त्याने घेतली नाही तर वाया जाईल, आईला देता येणार नाही. स्वीडनने १९७४ मध्येच आईबाप दोघांसाठी मिळून रजा आणली होती पण बाप ती घेतच नव्हते, १९९५ मध्ये एक महिना राखून ठेवला तेव्हा घ्यायला लागले, आज ९० दिवस राखीव आहेत. आता स्वीडनचाही जन्मदर घसरलाय हे खरं आहे, तो मुद्दा कुणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगते, मी ही रजा मुलांची संख्या वाढावी म्हणून मागत नाहीये. जी मुलं जन्माला आली आहेत त्यांना दोन पालक मिळावेत म्हणून मागतेय. आणि या रजेचा पैसा एकट्या मालकाच्या खिशातून नको, सामायिक निधीतून हवा, नाहीतर मालक तरुण बाईला नोकरीच देत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण कराराचाही रोख हाच आहे.

आणि कामाचे तास. आठ तास काम, आठ तास मोकळीक, आठ तास झोप ही रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश समाजसुधारकाची मागणी दोनशे वर्षांपूर्वीची, १९१९ मध्ये श्रम संघटनेचा पहिलाच करार आठ तासांचा झाला, आणि आज इतकी यंत्रं, इतके कॉम्प्युटर येऊनही आपण त्याच आठावर, खरं तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या पुढे आहोत. त्या तीन आठांमध्ये काळजीसाठी जागाच नव्हती हेही लक्षात घ्या, ती मोकळीकीतून किंवा झोपेतूनच कापली जाते. म्हणून आठवड्याचे तास कमी करण्याची चर्चा उद्योगाच्या सोयीपुरती ठेवू नका, आणि निदान ज्यांची उद्याची पाळी आदल्या रात्री मेसेजवर कळते त्यांना दोन आठवडे आधी वेळापत्रक मिळेल एवढा नियम तरी करा. ज्याला उद्या कुठे असू हे माहीत नाही तो मुलाला आणायला कोण जाणार हे कसं ठरवणार?

यावर सरकारने घरात नाक खुपसू नये असं काहींना वाटेल. मी कुणी काय करावं हे सरकारने ठरवावं असं म्हणतच नाहीये. आई घरी राहो, बाप राहो, दोघं वाटून घेवोत, कुणी मूल होऊ न देवो, दोन मैत्रिणी मिळून एकीच्या आईला सांभाळोत, ज्याचं त्याने ठरवावं. फक्त ठरवल्यावर त्याची किंमत एकाच माणसाने, तीही म्हातारपणापर्यंत, एकट्याने भरू नये. पैसा कुठून आणायचा असंही विचाराल, तर खर्च आजही होतोच आहे, झोपेतून, तब्येतीतून, सोडलेल्या नोकऱ्यांतून, फक्त तो तुमच्या बजेटच्या कागदावर येत नाही.

तुमच्या पुढच्या चर्चासत्रात, पुढच्या जाहीरनाम्यात, पुढच्या टीव्हीवरच्या भांडणात यातला तासांचा प्रश्न कुणीतरी एकाने विचारावा आणि बाकीच्यांनी आकड्यांत उत्तर द्यावं. उत्तर चुकीचं असेल तर आम्ही दुरुस्त करू, आमच्याकडे माहिती आहे.

कळावे,
घरात आणि बाहेर दोन्हीकडे काम करणारी एक मतदार